भाताची पानं मोजून आवणीची वेळ कशी ठरवावी

आमच्या रायगडातल्या कर्जत तालुक्यात पावसाळी भात सगळेच करतात, आणि ज्यांच्या बांधाला राजनाला कालव्याचं पाणी लागतं ते उन्हाळीही करतात. बियाणं तेच, खाचर तेच, कामाला हातही तेच. तरीही जूनमध्ये जे रोप २१-२२ दिवसांत आवणीला, म्हणजे वाफ्यातून उपटून खाचरात लावायला, येतं, तेच डिसेंबरात पेरलं तर महिना उलटला तरी वाफ्यात लहानच दिसतं. कुणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, थंडी आहे, रोप बसलंय. ते खरंच आहे. पण किती बसलंय, अजून किती दिवस बसणार आणि त्यामुळे लोंबी कधी बाहेर पडणार, हे या उत्तरातून कळत नाही. ते कळायला पानं मोजावी लागतात. मी भाताचं वय दिवसांत सांगणं कधीच सोडलं. "आमचं रोप साडेचार पानांचं झालं", असं मी सांगते, आणि आता माझी जाऊ आणि सूनही तसंच सांगतात.

भाताच्या एका जातीला मुख्य काडीवर किती पानं यायची, हे बरंचसं त्या जातीतच ठरलेलं असतं. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातीला कमी, गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) जातीला जास्त. आमच्याकडे कर्जत-३ च्या मुख्य काडीला १४-१५ पानं भरतात. थंडी पडली म्हणून ती पाच कमी होत नाहीत की ऊन वाढलं म्हणून पाच जास्त येत नाहीत. बदलतो तो एका पानानंतर दुसरं पान यायला लागणारा वेळ. हा वेळ मुख्यतः ऊब ठरवते. म्हणून पेरणीची तारीख निवडताना आपण खरं तर रोपाच्या प्रत्येक पानाला किती ऊब मिळणार हे निवडत असतो.

पान मोजायचं कसं

बी रुजल्यावर आधी एक पांढरट टोकदार कोंब वर येतो. ते पान नव्हे, नुसतं वेष्टण. त्याला चिरून जे पहिलं हिरवं बाहेर येतं त्याला पातं जवळजवळ नसतंच. तेही मी धरत नाही. त्यानंतर येणारं, आखूड का होईना पण पातं असलेलं पान ते पहिलं. काही जण ते बिनपात्याचंही मोजतात. कसंही मोजा, पण दर हंगामात एकाच पद्धतीने मोजा, नाहीतर मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताळा लागत नाही.

भाताची पानं काडीच्या दोन बाजूंना आळीपाळीने येतात. पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं एका अंगाला, आणि दुसरं, चौथं, सहावं दुसऱ्या अंगाला. याचा फायदा असा की सगळ्या पानांना खूण करायची गरज नाही. मी तिसऱ्या पानाच्या पात्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका देते, पाचव्यावर दोन, सातव्यावर तीन. खूण लागतेच, कारण खालची पानं पिवळी पडून चिखलात कुजून जातात. आठवं पान आलं तेव्हा पहिली दोन बहुतेक शोधूनही सापडत नाहीत, आणि खूण नसेल तर माणूस सहा मोजून मोकळा होतो. नेलपॉलिश पावसात धुऊन जात नाही. लाल रंग हिरव्यात लगेच दिसतो.

पान पूर्ण आलं की नाही हे ओळखायला त्याचा गळा बघायचा. पातं जिथे काडीला धरलेल्या भागापासून सुटतं तिथे आतल्या बाजूने एक पांढरी पातळ जिभली असते, आणि दोन्ही कडांना बारीक केसाळ कान. गळा दिसला म्हणजे ते पान पूर्ण. नवं पान अर्धंच बाहेर असेल तर अर्धं धरायचं. चार पूर्ण आणि पाचवं अर्धं, म्हणजे साडेचार. (हीच जिभली पाखड हे तण लहान असताना ओळखायलाही कामाला येते. रोपवाफ्यात पाखड अगदी भातासारखी दिसते, पण तिला जिभली नसते. आवणीच्या मुठा बांधायच्या आधी एकदा गळे बघून पाखड उपटली तर पुढची बेणणी हलकी होते.)

आवणी झाल्यावर खाचरात मधल्या भागात आठ-दहा चूड (एका जागी एकत्र लावलेल्या काड्यांचे झुबके) धरा. बांधालगतचे नको, तिथलं रोप नेहमीच जास्त माजतं. प्रत्येक चुडाशेजारी एक काठी रोवा, आणि मुख्य काडीला लोकरीचा सैल फेरा घाला, म्हणजे फुटवे (पानांच्या बगलेतून निघणाऱ्या नव्या काड्या) आल्यावर गोंधळ होत नाही. आठवड्यातून दोनदा मोजलं की पुरे.

पारा आणि पान

फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम केलेले जपानी शास्त्रज्ञ शोइची योशिदा यांनी यासाठी एक सोपा आडाखा दिला आहे. लोंबीचा गाभा धरेपर्यंत, म्हणजे काडीच्या आत लोंबीचा कोंब तयार होऊ लागेपर्यंत, एका पानाला साधारण १०० अंश-दिवस लागतात, आणि गाभा धरल्यानंतरच्या पानांना साधारण १७०. अंश-दिवस म्हणजे रोजचं सरासरी तापमान एकात एक मिळवत जायचं. दिवसाचा सर्वात जास्त आणि सर्वात कमी पारा घ्या, बेरीज करून निम्मे करा, ती त्या दिवसाची सरासरी. सरासरी २० असेल तर १०० भागिले २०, म्हणजे पाच दिवसांनी एक पान. २५ असेल तर चार दिवसांनी.

आता हे आपल्या हंगामांना लावून बघा. जुलैत आमच्याकडे पारा दिवसा २९-३० आणि रात्री २४ च्या आसपास असतो, सरासरी २६-२७. म्हणजे पावणेचार दिवसांना एक पान. बी रुजून वर यायला चार दिवस धरले तर एकविसाव्या दिवशी साडेचार पानांचं रोप हातात येतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ वर उतरतो आणि दुपारी २८-२९ ला जातो. सरासरी २०-२१. एका पानाला पाच दिवस. शिवाय थंड चिखलात बी वर यायलाच आठवडा जातो. साडेचार पानं व्हायला ३० दिवस लागतात, आणि थंडीची लाट आली तर ३५ वर जातात.

हा आडाखा आहे, घड्याळ नव्हे. दोन गोष्टी त्यात बसत नाहीत. पहिली अशी की १०-१२ अंशांच्या खाली पानाची वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा सरासरी चांगली दिसली तरी पहाटेचे ते तास फुकट जातात. उलट बाजूलाही तसंच. पातं लांबायला ३१ अंशांच्या आसपासची ऊब सगळ्यात मानवते, त्यापुढे पारा चढला म्हणून पानं त्या मानाने भराभर येत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. लहान रोपाचा वाढीचा कोंब हवेत नसतो, तो बुडाशी, चिखलपाण्याच्या पातळीला असतो. नवं पान तिथेच तयार होतं. म्हणून रोपाच्या दृष्टीने हवेपेक्षा पाण्याची ऊब मोठी. मी वाफ्यातल्या पाण्यात सकाळी सातला आणि दुपारी दोनला थर्मामीटर बुडवते. मोबाइलवर जे तापमान दिसतं ते आपल्या वाफ्याचं नसतं.

पान आणि फुटवा यांचं नातं

पानांची एवढी उठाठेव कशासाठी, तर फुटव्यांसाठी. जपानच्या कातायामा यांनी १९५१ साली मांडलेला नियम आजही तसाच लागू पडतो. मुख्य काडीवर एखादं पान बाहेर येत असताना त्याच्या तीन पानं खाली असलेल्या पानाच्या बगलेतून फुटवा निघतो. चौथं पान येतं तेव्हा पहिल्याच्या बगलेतून, पाचवं येतं तेव्हा दुसऱ्याच्या, आठवं येतं तेव्हा पाचव्याच्या. रोपवाफ्यात दाटी असल्यामुळे खालच्या बगलांतले डोळे उठतच नाहीत, ते तिथेच मरतात. म्हणून वाफ्यात गेलेलं प्रत्येक पान म्हणजे हातचा एक फुटवा गेला असं समजा.

आता दुसरं टोक. लोंबीचा गाभा धरला की नव्या फुटव्यांचा उपयोग उरत नाही. ज्या फुटव्याला तोवर स्वतःची तीनेक पानं आणि स्वतःची मुळं आलेली असतात तोच टिकतो आणि लोंबी देतो. बाकीचे वाळून जातात. आमच्या १५ पानांच्या जातीत गाभा अकराव्या पानाच्या सुमाराला धरतो. साडेचार पानांचं रोप लावलं तर मधे सहा-सात पानं हातात राहतात. त्यातलं पहिलं आवणीच्या धक्क्यात जातं, कारण मुळं तुटलेली असतात आणि आठवडाभर नवं पान येत नाही. राहिलेल्या पाच-सहा पानांत फुटव्यालाही फुटवे येतात आणि चूड भरतो. तेच रोप आठ पानांचं होईपर्यंत वाफ्यात ठेवलं, तर हातात राहतात तीन. त्यातलं एक धक्क्याचं. मग चुडात पाच-पाच काड्या लावून आणि युरिया ओतून जे मिळवायला बघतो, ते आधीच वाफ्यात संपलेलं असतं.

पावसाने ओढ दिली आणि रोप वाफ्यातच म्हातारं झालं, तर काय करायचं ते सरळ आहे. चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच काड्या लावा आणि चूड जवळ घ्या, कारण आता फुटव्यांवर भरवसा नाही, लावलेल्या काड्यांवर आहे. शेंडे खुडून रोप लावायची काहींना सवय असते. त्याने वाफ्यात वाया गेलेली पानं परत येत नाहीत, आहेत ती मात्र कमी होतात.

पावसाळी भात: वेळ पाऊस ठरवतो, वय आपण ठरवायचं

पावसाळ्यात ऊब जवळजवळ सारखीच असते, म्हणून दिवसांचा हिशेब चुकत नाही. मृगात रोप टाकायचं, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी करायची, हा मामंजींचा नेम त्यामुळेच इतकी वर्षं चालला. ७-८ जूनला मृग लागतो, ५-६ जुलैला पुनर्वसू. मृगात टाकलेलं रोप पुनर्वसू लागेपर्यंत साडेपाच-सहा पानांचं होतं, म्हणजे हद्दीवर येतं. त्यामुळे आर्द्रात पाणी मिळालं तर पुनर्वसूची वाट बघू नका.

सगळं रोप एकाच दिवशी टाकायचं मात्र मी बंद केलं आहे. पाऊस आणि माणसं दोन्ही आपल्या हातात नसतात, त्यामुळे सगळ्या खाचरांची आवणी एका दमात होत नाही. शेवटच्या खाचराला नेहमी म्हातारं रोप जातं. त्यापेक्षा दोन हप्त्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने रोप टाका. आठ दिवस म्हणजे दोन पानं. शेवटच्या खाचरालाही चार-साडेचार पानांचं रोप मिळतं.

गरव्या जुन्या जातींचं गणित वेगळं आहे आणि ते ध्यानात ठेवावं लागतं. त्या दिवसाच्या लांबीवर चालतात. पावसाळा सरताना दिवस लहान होऊ लागला की त्या गाभा धरतात, मग तुम्ही त्यांना जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये. उशिरा लावल्या तर त्यांची वाढीची मुदतच कापली जाते, पानं खरोखर कमी येतात आणि फुटवेही. म्हणून घरात गरवं आणि हळवं दोन्ही असेल, तर आधी गरवं आवणा. कर्जत-१८४ सारखं हळवं थोडं मागे राहिलं तरी त्याची पानं पूर्ण होतात, फक्त कापणी पुढे जाते.

आणि ढगांचं म्हणाल, तर जुलैत आठवडा-आठवडा ऊन पडत नाही. त्याने पानं यायचा वेग फारसा कमी होत नाही, कारण ऊब असते. पण पानं लांब, पातळ आणि मऊ होतात आणि फुटवे मागे राहतात. अशा दिवसांत युरिया वाढवू नका. ऊन पडू द्या, मग टाका.

उन्हाळी भात: इथे तारीख चुकवू नका

उन्हाळी भातात पेरणीच्या तारखेला दोन्ही बाजूंनी भिंत आहे. मी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा एवढीच खिडकी धरते. का, ते पानांनी मोजून दाखवते.

समजा १ डिसेंबरला पेरलं. आठ तारखेच्या सुमाराला वर आलं. पाच दिवसांना एक पान या चालीने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाच-साडेपाच पानांचं रोप झालं आणि आवणी झाली. थंडीत मुळं धरायला आठ-दहा दिवस जातात, कारण १६ अंशांच्या खाली भाताला नवी मुळं फुटत नाहीत. त्यानंतर अकराव्या पानापर्यंत फेब्रुवारीचा मध्य आला. तिथे गाभा धरला. पुढची चार पानं सावकाश येतात, सरासरी २५ धरली तर १७० भागिले २५, म्हणजे जवळजवळ सात-सात दिवसांनी. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भात निसवलं, म्हणजे लोंबी बाहेर पडली. एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कापणी.

आता समजा १ जानेवारीला पेरलं. ऊब वाढत जाणार, त्यामुळे रोप लवकर वाढेल, आणि महिना उशीर होऊनही निसवायला तीन आठवडेच उशीर होईल. बघणाऱ्याला वाटतं, उशीर भरून निघाला. पण निसवणं गेलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. भाताचं फूल सकाळी नऊ-दहापासून दुपारपर्यंत उमलतं, आणि त्या वेळी पारा ३५ च्या वर तास-दोन तास राहिला तरी पोचट दाण्यांचं प्रमाण वाढतं. एप्रिलमध्ये कर्जतला पारा दुपारच्या आधीच तिथे पोचतो. पुढे दाणा भरायच्या दिवसांतही तीच भट्टी, म्हणून दाणा घाईने भरतो आणि हलका राहतो. कापणी मेच्या मध्यावर जाते आणि वळवाचा धोका डोक्यावर येतो.

दुसरी भिंत लवकर पेरणाऱ्यांना आडवी येते. दिवाळी झाल्या झाल्या, नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोप टाकलं तर ते डिसेंबरच्या थंडीआधीच उबेत भराभर वाढतं. वाफ्यात बघून समाधान वाटतं. पण ते फेब्रुवारीच्या मध्यावर निसवतं, म्हणजे त्याआधी दहा-बारा दिवस, जेव्हा पोटरीच्या (आत लोंबी वाढत असलेल्या फुगीर काडीच्या) आत परागकण घडत असतात, तेव्हा थंडी अजून हटलेली नसते. त्या दिवसांत रात्रीचा पारा १५ च्या जवळ गेला तर लोंबी बाहेरून धडधाकट दिसते आणि चिमटीत धरल्यावर दाणा रिकामा लागतो. हे टाळायला वरची खिडकीच पाळावी. तरी कुणाचं पीक त्या दिवसांत सापडलंच, तर सगळ्यात वरच्या दोन पानांचे गळे काडीवर जवळपास एका पातळीला आले आहेत का ते बघा. तीच नाजूक वेळ. थंडीच्या रात्री खाचरात पाणी नेहमीपेक्षा खोल, वीतभर ठेवा. पाणी हवेपेक्षा ऊबदार राहतं आणि पोटरीला सांभाळतं.

थंडीतला रोपवाफा

इथे थोडी मेहनत घेतली तर दोन पानांचा वेळ वाचतो.

जागा उन्हाची निवडा. आंब्याच्या किंवा बांबूच्या बेटाच्या सावलीत सकाळचं ऊन दोन तास उशिरा येतं, आणि तेच दोन तास मोलाचे असतात. सखल कोपराही नको, थंड हवा रात्री तिथे साठते.

बी आधी मिठाच्या पाण्यात टाका, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. तरंगणारं काढून टाका, बुडालेलं दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन घ्या. मग दिवसभर भिजवून गोणपाटात बांधून पेंढ्याखाली उबेला ठेवा आणि मोड आणा. पावसाळ्यात कोरडं बी चालतं, थंडीत मात्र रहूच, म्हणजे असं मोड आणलेलं बीच, टाका. कोंब फुटायचं काम थंड चिखलात होण्याऐवजी घरातल्या उबेत उरकतं. मोड लांब होऊ देऊ नका, दाण्याच्या निम्म्याएवढा झाला की पुरे. लांब मोड फेकताना मोडतो.

पेरल्यावर गादीवाफ्यावर राखेचा पातळ थर द्या. काळी राख ऊन धरून ठेवते. चुलीची राख हल्ली सगळ्यांकडे नसते, वीटभट्टीवर भाताच्या तुसाची राख मिळते, ती चालते.

पाण्याचा नेम सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी उन्हं उतरताना वाफ्यात पाणी भरा, रात्रभर राहू द्या, सकाळी गार झालेलं सोडून द्या. दिवसभर चिखलाला ऊन लागू दे. विहीर असेल तर विहिरीचं पाणी घ्या. थंडीत पहाटे ते हाताला कोमट लागतं, कधी कधी वर वाफ दिसते. कालव्याचं पाणी त्या वेळी गार असतं. तेच द्यायचं असेल तर आधी एखाद्या उथळ रिकाम्या खाचरात दुपारभर तापू द्या आणि संध्याकाळी वाफ्यात घ्या. ज्या तोंडाने पाणी आत येतं तिथली रोपं नेहमी एक पान मागे असतात. मोजून बघा, तुम्हालाही तेच दिसेल. म्हणून मी दर तीन-चार दिवसांनी पाण्याचं तोंड बदलते.

थंडीची लाट येणार असं कळलं तर बांबूच्या कांब्या वाकवून त्यावर प्लॅस्टिकचा कागद रात्रीपुरता घाला. सकाळी ऊन आलं की काढा. झाकून ठेवलं तर आत ओल कोंडून रोप मरतं.

रोप पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया फेकू नका, हे मी पोटतिडकीने सांगते. थंडीत मुळं अन्न उचलत नाहीत. जमिनीत असूनही पानात पोचत नाही. दोन उबदार दिवस आले की नवं पान हिरवं येतं. जुनी पानं पिवळी आणि नवं हिरवं असेल तर रोप ठीक आहे. नव्या पानाची मधली शीर बुडाकडे पांढुरकी आणि खालच्या पानांवर तांबूस ठिपके असतील, तर जस्ताची कमतरता असू शकते. थंड, कायम पाण्याखालच्या जमिनीत ती जास्त दिसते. तेव्हा कृषी सहायकाला रोप दाखवा आणि झिंक सल्फेटचं प्रमाण विचारून घ्या.

पाच पानं झाली की आवणी करा, मग ३० दिवस झालेले असोत की ३६. उंचीकडे बघू नका. थंडीतलं पाच पानांचं रोप पावसाळ्यातल्यापेक्षा बरंच बुटकं असतं, ते तसंच असायचं. उंच होईल म्हणून वाट बघितली तर पानं वाढतात, फुटवे जातात. लावताना उथळ लावा, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको. खोल चिखल थंड असतो, आणि तिथे गाडलेला डोळा उठायला वेळ घेतो.

खताचे हप्तेही पानांवर

पिशवीवर आणि पत्रकात हप्ते दिवसांत दिलेले असतात, ते पावसाळ्याला धरून असतात. उन्हाळी भाताला तेच दिवस लावले तर युरिया अशा वेळी पडतो जेव्हा रोपाने अजून मूळही धरलेलं नसतं. मी आवणीनंतर दोन नवी पानं पूर्ण आली की फुटव्याचा हप्ता देते. पावसाळ्यात हे पंधरा दिवसांत होतं, जानेवारीत वीस-बावीस लागतात. नवं पान म्हणजे आवणीनंतर आलेलं, नेलपॉलिशच्या खुणेच्या पुढचं.

शेवटचा हप्ता गाभा धरल्यावर द्यायचा. तो कसा ओळखायचा हे प्रत्येकाने एकदा डोळ्याने बघावं. दहावं-अकरावं पान आलं की एखाद्या चुडातली जाड मुख्य काडी मुळासकट उपटा. बुडाकडून ब्लेडने उभी चिरा, अगदी मधोमध. आतले पेर एकावर एक दिसतात. सगळ्यात वरच्या पेराच्या टोकाला, पानांच्या गुंडाळीच्या आत, पांढरा, लवेसारखा मऊ, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा कोंब दिसला की तीच लोंबी. सून पहिल्यांदा बघताना म्हणाली, "आई, एवढीशी?" एवढीशीच असते, पण लोंबीत दाणे किती धरायचे ते याच दिवसांत ठरत असतं. कोंब दिसला नाही तर आणखी एक पान येऊ द्या आणि पुन्हा चिरून बघा. दिसल्यापासून साधारण २५ दिवसांत भात निसवतं, गारठा असेल तर थोडे जास्त.

त्यानंतर मात्र पानं मोजण्यापेक्षा ती जपायची. लोंबीतल्या दाण्याला अन्न मुख्यतः वरची तीन पानं पुरवतात, आणि त्यातलं शेवटचं, लोंबीला लागून असलेलं पान सगळ्यात जास्त. या काळात करपा रोग दिसला किंवा पानं गुंडाळणारी अळी वरच्या पानांवर चढली तर लगेच हालचाल करा. खालच्या पानांवर थोडी अळी असेल तर घाबरायचं कारण नाही. निसवताना आणि दाणा दुधात असताना खाचर कोरडं पडू देऊ नका. मार्चअखेरीस कालव्याच्या पाण्याची पाळी लांबते, म्हणून निसवण्याची तारीख पानांवरून महिनाभर आधी काढून ठेवा आणि वरच्या-खालच्या शेतकऱ्यांशी बोलून पाळी त्या आठवड्यात पडेल अशी सोय बघा. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडा. तोवर वरचं पान हिरवंच असेल, आणि ते तसंच असू द्या.